टेक्सास दोन महायुद्धांत बुडाली नाही, मग धक्क्याला बांधल्यावर का बुडायला लागली?

ह्यूस्टनला राहणाऱ्या एका मराठी अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलांना घेऊन टेक्सास युद्धनौका बघायला जायचा विचार आहे. वाचताना तीन गोष्टी कळल्या नाहीत. १९२५-२६ मध्ये तिची एवढी मोठी सुधारणा झाली, तर इंजिन जुनंच का ठेवलं? दोन महायुद्धांत तग धरलेली नौका शांत पाण्यात उभ्या उभ्या का गळायला लागली? आणि इतके पत्रे बदलल्यावर ती मूळची नौका राहिली का?"

आधी माझी ओळख, म्हणजे माझ्या उत्तराला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी मुंबईच्या गोद्यांमध्ये तीसेक वर्षं जहाजांच्या बुडाची कामं केली. फिटर म्हणून लागलो, हल सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. माझा हात बसलेला आहे मालवाहू जहाजं, ड्रेजर आणि टग यांच्यावर, युद्धनौका थोड्या. पण पत्रा, रिव्हेट आणि खारं पाणी यांना जहाज कुठल्या जातीचं आहे त्याचं सोयरसुतक नसतं. २०१८ मध्ये लेकीकडे आलो होतो तेव्हा जावयाने ह्यूस्टनजवळच्या सॅन जॅसिंटोला नेऊन ही नौका दाखवली. तो दीड तासात कंटाळला, मी संध्याकाळी हाकलेपर्यंत आत होतो.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. तुम्ही सगळ्याच कामांना "दुरुस्ती" म्हणताय. गोदीत आम्ही दोन कामं वेगळी धरतो. एक रिफिट: जहाजाकडून नवं काम करून घ्यायचंय म्हणून त्यात केलेला बदल. दुसरं डॉकिंग: दर दोन-अडीच वर्षांनी जहाज कोरडं करायचं, बूड खरवडायचं, पत्र्याची जाडी मोजायची, व्हॉल्व्ह उघडायचे, रंग मारून परत सोडायचं. रिफिटचे फोटो छापून येतात, डॉकिंगचे कोणी काढत नाही. टेक्सासच्या चरित्रात रिफिट भरपूर सापडतील. तिला मारायला निघालं ते डॉकिंग न होणं.

आता पहिला प्रश्न, इंजिनाचा.

टेक्सासची कील, म्हणजे बुडाचा कणा, १७ एप्रिल १९११ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत घातली, १८ मे १९१२ ला ती पाण्यात उतरली आणि १२ मार्च १९१४ ला नौदलात दाखल झाली. (मुंबईची अलेक्झांड्रा गोदी आणि तिच्यातली ह्यूज ड्राय डॉक, म्हणजे कोरडी गोदी, १९१४ च्याच. त्या ड्राय डॉकच्या पायऱ्या उतरताना माझे गुडघे गेले, म्हणून हे साल मला विसरता येत नाही.) २७,००० टनांची नौका, १४ इंची दहा तोफा पाच बुरुजांत, कोळशाचे १४ बॉयलर, आणि दोन मोठी पिस्टनची वाफेची इंजिनं. वेग २१ नॉट. लक्षात घ्या, त्या वेळी ब्रिटिशांकडे टर्बाइन रुळलं होतं आणि अमेरिकेनेही आधीच्या वायोमिंग वर्गात ते बसवलं होतं. तरी टेक्सास आणि तिची बहीण न्यूयॉर्क यांच्यासाठी नौदल मुद्दाम पिस्टनकडे परतलं. कारण त्या काळचं टर्बाइन गिअरशिवाय पंखा फिरवणाऱ्या दांड्याला थेट जोडलेलं असे. टर्बाइनला जोरात फिरायचं असतं, पाण्यातल्या पंख्याला सावकाश. दोघांची ओढाताण झाली की संथ वेगाने लांबचा प्रवास करताना इंधन पाण्यासारखं जातं, आणि अमेरिकेला पॅसिफिक ओलांडायचा होता.

मग १९२५ मध्ये, गिअर आल्यावर, का बदललं नाही? इथे "परिस्थितीवर अवलंबून" हे उत्तर खरं आहे, आणि परिस्थिती होती १९२२ चा वॉशिंग्टन करार. त्या कराराने नव्या युद्धनौका बांधायला बंदी घातली. जुन्यांवर चिलखत आणि तोफा वाढवायलाही बंधनं घातली. सूट एकच होती: हवाई हल्ला आणि पाणबुडी यांपासून बचावासाठी प्रत्येक नौकेवर ३,००० टनांपर्यंत वजन वाढवता येईल. त्याच करारात असंही होतं की नौका वीस वर्षांची झाली की तिच्या जागी नवी बांधता येईल. १९२५ मध्ये टेक्सास अकरा वर्षांची होती. म्हणजे हिशेबाने तिचं जेमतेम नऊ-दहा वर्षांचं आयुष्य उरलेलं. तुम्ही असता तर दहा वर्षांनी भंगारात जाणाऱ्या जहाजाला नवं इंजिन घातलं असतं का? माझ्याकडे एकही मालक असा आला नाही. बॉयलर बदलून मिळतील का, एवढंच विचारतात.

नॉरफोकच्या नौदल गोदीत नेमकं तेच केलं. ३१ जुलै १९२५ ला नौका आत गेली आणि २३ नोव्हेंबर १९२६ ला काम संपलं. कोळशाचे १४ बॉयलर काढून तेलावरचे सहा बसवले, त्यामुळे दोनऐवजी एकच धुराडं पुरलं. टोपलीसारखे विणलेले डोलकाठ्यांचे मनोरे काढून तीन पायांचे आणले. टॉर्पेडो सोडायच्या नळ्या काढल्या, डेकचं चिलखत वाढवलं, मधल्या बुरुजावर विमान उडवायची गलोल बसवली. आणि दोन्ही बाजूंना पोकळ फुगवटे जोडले. त्यांना ब्लिस्टर म्हणतात, म्हणजे चक्क फोड. टॉर्पेडो येऊन फुटला तर या फोडात फुटावा, आतल्या सांगाड्याला धक्का कमी लागावा, ही कल्पना. रुंदी ९५ फुटांवरून १०६ फुटांवर गेली.

सोळा महिन्यांत एवढं होणं म्हणजे काम चोख आखलेलं होतं. इंजिन बदलायचं म्हटलं की डेकचं चिलखत उघडा, इंजिनाच्या पायाचे गर्डर नव्याने बसवा, दांड्यांची रेषा पुन्हा जुळवा. ब्रिटिशांनी त्यांच्या वॉरस्पाइट युद्धनौकेवर १९३४ ते १९३७ मध्ये हे सगळं केलं: २४ बॉयलर काढून सहा, आणि गिअरची नवी टर्बाइनं. तीन वर्षं लागली आणि २३ लाख पौंडांहून जास्त खर्च आला. पण तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं की जुन्या नौकांनाच पुढची लढाई लढायची आहे. १९२५ मध्ये ते कोणाला माहीत नव्हतं. पुढे १९३० च्या लंडन कराराने नव्या बांधणीवरची बंदी लांबवली आणि "दहा वर्षांची पाहुणी" टेक्सास त्याच पिस्टनांवर १९४५ पर्यंत धावली.

ते इंजिन मुलांना नक्की दाखवा. आत जायला मिळालं तर जाळीच्या फलाटावर उभं राहून खाली वाकून बघा. चार सिलिंडर: एक जास्त दाबाचा, एक मधला, दोन कमी दाबाचे. तीच वाफ एकातून दुसऱ्यात जाताना पसरत जाते, म्हणून पुढचा सिलिंडर मोठा मोठा होत जातो. माणसाच्या मांडीपेक्षा जाड कनेक्टिंग रॉड, आणि क्रँकच्या बेअरिंगवर तेलवाल्याने हात लावून उष्णता बघायची. इंजिन चालू असताना, प्रत्येक फेरीला हात आत आणि बाहेर. आमच्या पहिल्या वस्तादांची दोन बोटं असल्याच कामात गेली होती. टेक्सासची ही इंजिनं १९७५ पासून अमेरिकेच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संघटनेने ऐतिहासिक ठेवा म्हणून नोंदवली आहेत. जहाजाच्या वर तोफा बघायला गर्दी असते, खाली मी तासभर एकटाच होतो.

तोफांबद्दल एक गोष्ट, कारण ती त्या फुगवट्यांशी जोडलेली आहे. इतर काही अमेरिकी युद्धनौकांच्या तोफा नंतर ३० अंशांपर्यंत उचलता येतील अशा केल्या. टेक्सासच्या १५ अंशांवरच राहिल्या. ६ जून १९४४ ला तिने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, पॉइंट दु ऑक आणि ओमाहाच्या बाजूला, ३४ मिनिटांत १४ इंची २५५ गोळे टाकले. पण सैन्य आत सरकलं तशी लक्ष्यं तोफांच्या टप्प्याबाहेर गेली. मग १५ जूनला एका बाजूच्या फुगवट्यात पाणी भरून नौका दोन अंश कलवली आणि तेवढा जास्तीचा टप्पा मिळवला, अशी गोष्ट सांगतात. बरेच जण ही दंतकथा म्हणून उडवून लावतात. मी पोथी घेऊन बसत नाही, पण हिशेब करून बघतो.

युद्धातलं वजन साधारण ३२,००० टन धरा. स्थिरतेचा जो आकडा लागतो, ज्याला आम्ही जीएम म्हणतो, तो मी दोन मीटर गृहीत धरतो. खरा थोडा इकडेतिकडे असेल. दोन अंशांसाठी लागणारा कल म्हणजे ३२,००० गुणिले २ गुणिले ०.०३५, साधारण २,२४० टन-मीटर. फुगवटा मध्यरेषेपासून पंधराएक मीटरवर. भागून बघा: दीडशे टन पाणी. बत्तीस हजार टनांच्या नौकेला दीडशे टन म्हणजे ताकाच्या मडक्यात एक वाटी. गोष्ट खरी की खोटी यावर माझं म्हणणं नाही, पण "अशक्य" म्हणणाऱ्यांनी कधी ट्रिम-लिस्टचा, म्हणजे जहाजाच्या कलाच्या हिशेबाचा, कागद हातात धरलेला नाही एवढं सांगतो. ड्राय डॉकमध्ये घेण्याआधी जहाज सरळ करायला आम्ही एका बाजूची टाकी भरून दुसरी उपसतो, तेच हे, फक्त उलट्या हेतूने.

बाकीची युद्धसेवा तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, मी भराभर जातो. सप्टेंबर १९१७ मध्ये ब्लॉक आयलंडला ती रुतली, तीन दिवस कोळसा, दारूगोळा उतरवूनही हलेना, शेवटी टगांनी ओढली. पुढे १९१८ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो या तळावर ब्रिटिश आरमारात सामील झाली. मार्च १९१९ मध्ये तिच्या बुरुजावरच्या फळ्यांवरून सॉपविथ कॅमल विमान उडालं. अमेरिकी युद्धनौकेवरून विमान उडवायची ती पहिली वेळ. दुसऱ्या युद्धात उत्तर आफ्रिका, नॉर्मंडी, शेरबोर, दक्षिण फ्रान्स, इवो जिमा, ओकिनावा. शेरबोरला २५ जून १९४४ ला किनाऱ्यावरच्या जर्मन तोफेचा गोळा नौका जिथून चालवतात त्या ब्रिजवर लागला आणि सुकाणूवाला क्रिस्टन क्रिस्टेन्सन मारला गेला. इतक्या लढायांत शत्रूच्या माऱ्यात गेलेला तो एकच माणूस. दुसरा गोळा पुढच्या भागात शिरला, पण फुटला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न.

२१ एप्रिल १९४८ ला टेक्सास नौदलातून निवृत्त होऊन सॅन जॅसिंटोला संग्रहालय झाली. त्या दिवसापासून डिसेंबर १९८८ पर्यंत ती एकदाही कोरडी झाली नाही. चाळीस वर्षं! नौदलात असताना जे दर दोन वर्षांनी होत होतं, ते चाळीस वर्षं नाही. खाडीचं मचूळ पाणी, बुडाखाली गाळ, आणि पाण्याच्या रेषेवर ऊन-पाण्याचा रोजचा खेळ. त्या रेषेच्या हातभर वर आणि हातभर खाली पत्रा सगळ्यात आधी जातो. आपल्या माझगावच्या कुठल्याही जुन्या बार्जवर बघा, नारिंगी पट्टा तिथेच दिसेल.

त्यात फुगवट्यांची भर. १९२६ मध्ये जे बचावासाठी जोडलं तेच संग्रहालयात गळ्याशी आलं. टेक्सासच्या बाजूंचं मुख्य चिलखत जास्तीत जास्त बारा इंच जाड. ते गंजून जायला कित्येक पिढ्या लागतील. पण फुगवट्याचा बाहेरचा पत्रा चिलखत नव्हे. त्याचं काम फुटून जाणं हेच होतं, म्हणून तो तुलनेने पातळ. आत अरुंद, बंद खणांची रांग. पाणी बाहेरूनही आणि गळल्यावर आतूनही, म्हणजे पत्रा दोन्हीकडून खाल्ला जातो. आत जाऊन रंगवणं सोपं नाही. मॅनहोलमधून खांदे तिरके करून शिरावं लागतं, आणि बंद टाकीत गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. माणूस उतरतो आणि तिसऱ्या पायरीवर कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही. आमच्याकडे पंखा लावून मीटरने हवा मोजल्याशिवाय टाकीत कोणाला सोडायचं नाही हा नियम फार महाग पडून आला. तेव्हा संग्रहालयाच्या स्वयंसेवकांनी आत उतरून निगा का राखली नाही, असं म्हणू नका.

वरूनही पाणी येत होतं. लाकडी डेक कुजला म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे काँक्रीट ओतलं. कागदावर सोपं वाटतं. पण जहाज उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. काँक्रीट त्याच्याबरोबर हलत नाही. चिरा पडल्या, पावसाचं पाणी आत, आणि खाली कुठे गळतं ते दिसेना. मी स्वतः एका बार्जच्या मालकाच्या आग्रहाला बळी पडून तळाच्या भोकावर सिमेंटची पेटी केली होती. चार महिने म्हणाला, चार वर्षं चालवली. पुढच्या डॉकिंगला सिमेंट फोडलं तर त्याखाली पत्रा उरलाच नव्हता, सिमेंटच जहाज धरून होतं. तो गुन्हा माझाही, मालकाच्या एकट्याच्या माथी मारत नाही.

१९८८-९० मध्ये गॅल्व्हस्टनला गोदीत घेऊन बुडाचे पुष्कळ पत्रे बदलले, काँक्रीट काढून पुन्हा लाकडी डेक केला. नंतर? पुन्हा तीस वर्षं पाण्यात. जून २०१७ मध्ये पाण्याखाली भोक पडून ती सहा अंश कलली. नॉर्मंडीच्या गोष्टीतल्या मुद्दाम भरलेल्या पाण्याने दोन अंश, आणि इथे आपोआप सहा. असल्या वेळी लोक पंप वाढवतात. पंपाने वेळ मिळतो, पत्रा मिळत नाही.

गंजलेला पत्रा कसा कळतो ते विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मुलांना आवडेल. गोल डोक्याची हातोडी घेऊन ठोकत जायचं. निरोगी पत्रा टण्ण करतो आणि हातोडी उसळून परत येते. खाल्लेला पत्रा बद्द वाजतो, हातोडी तिथेच बसते, खपली पडते. जास्तच खाल्ला असेल तर हातोडी आरपार. त्यानंतर ध्वनिलहरींचं मीटर लावून मिलिमीटर लिहायचे आणि खडूने चौकोन आखायचा: इथून इथपर्यंत कापा. गंमत अशी की खडूचा चौकोन नेहमी वाढतोच. कापायला घेतलं की कडेचा पत्राही वेल्ड धरत नाही, आणखी एक फ्रेम, म्हणजे सांगाड्याची एक बरगडी, पुढे जावं लागतं. जुन्या जहाजाचा दुरुस्तीखर्च अंदाजापेक्षा वाढतो तो बहुतेक वेळा यामुळे, चोरीमुळे नव्हे. (चोरी असते तेव्हा ती रंगात असते.)

३१ ऑगस्ट २०२२ ला तिला ओढून पुन्हा गॅल्व्हस्टनला नेलं, वाटेत बुडू नये म्हणून टाक्यांमध्ये आधी फोम भरला होता. तिथे तरंगत्या गोदीत घेतलं: गोदी स्वतः पाणी भरून खाली बसते, जहाज वर आणायचं, मग गोदीने पाणी उपसून जहाजासकट वर यायचं. इतक्या म्हाताऱ्या नौकेला लाकडी ठोकळ्यांवर बसवणं हेच मोठं काम. प्रत्येक ठोकळा फ्रेमखाली किंवा आडव्या भिंतीखाली यायला हवा. मध्येच मोकळ्या पत्र्याखाली आला तर पत्रा आत दबतो. दीड वर्षात फुगवट्यांचा आणि बुडाचा मोठा भाग नवा झाला. ५ मार्च २०२४ ला ती पुन्हा पाण्यावर तरंगली.

तिसरा प्रश्न: मूळची राहिली का? मूळची कुठल्या दिवशीची, तेवढं आधी ठरवा. १९१४ ची हवी असेल तर ती १९२५ मध्येच संपली. दोन धुराड्यांची, टोपलीच्या डोलकाठ्यांची टेक्सास तुम्हाला फोटोतच दिसेल. ओमाहावर मारा करणाऱ्या तोफा बघायच्या असतील तर सांगतो, त्या नळ्या झिजल्या म्हणून १९४४ च्या शरदात न्यूयॉर्कला बदलल्या. आज जे तोंड वर करून उभं आहे ते इवो जिमा आणि ओकिनावाचं. उलट इंजिन, चिलखत आणि आतला बराचसा सांगाडा न्यूपोर्ट न्यूजच्या कामगारांच्या हातचा आहे. बुडाचा पत्रा मात्र धंद्याच्या भाषेत खर्चाची वस्तू. बुटाचा तळवा बदलला म्हणून बूट दुसऱ्याचा होत नाही.

जाल तेव्हा एक करा. बाजूने पाण्याच्या रेषेकडे बघत चाला. जिथे रिव्हेटच्या डोक्यांच्या रांगा दिसतात तो जुना पत्रा, जिथे गुळगुळीत वेल्डची रेघ आहे तो नवा. मुलांना मोजायला लावा. आणि त्या सीमेचा एक जवळून फोटो काढून इथे टाका. गॅल्व्हस्टनवाल्यांनी जुन्या रिव्हेटच्या कडेला वेल्ड कसा थांबवलाय ते मला बघायचंय, माझं ते कधीच नीट जमलं नाही.